प्राणवायूचा आग्रह

दामूअण्णा मोघे पंगतीला बसले की वाढप सुरू होण्याआधीच डाव्या हाताची पाचही बोटं पसरून पानावर धरून ठेवत. इंदुरात हा जवळजवळ गुन्हाच. आमच्याकडे पाहुण्यानं "पुरे" म्हणायचं, वाढणाऱ्यानं ते ऐकायचं नाही आणि दोघांनी मिळून पाहुण्याचं पोट बिघडवायचं, अशी रीत आहे. "अण्णाजी, एक तो चलती है, बिलकुल छोटी जिलबी आहे," असं कोणी म्हणालं की ते जिलबीकडे न बघता वाढणाऱ्याकडे बघत. म्हणत, "मी पुरे म्हणतो तेव्हा पुरे झालेलं असतं." लोक त्यांना लग्नाला बोलावत, पण मनापासून नाही.

ते आमचे शेजारी. सरकारी इस्पितळात ऑक्सिजनचे सिलिंडर त्यांच्या ताब्यात असत. संस्थान जाऊन मध्य भारत नावाचं राज्य झालं, वरच्या खुर्च्यांवरची माणसं बदलली, दामूअण्णांचं स्टूल मात्र जागेवर राहिलं. डॉक्टर सांगत तेवढीच तोटी ते उघडत, तिच्यावर निळ्या पेन्सिलीनं रेघ मारत आणि सिलिंडरला जोडलेल्या बाटलीतल्या पाण्यातून निघणारे बुडबुडे बघत बसत. रोग्यांचे नातेवाईक त्यांना 'हवाचोर' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "चोर घरी नेतो. मी इथेच ठेवतो," एवढाच त्यांचा खुलासा असे.

आधी ते एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. तिथली एक हकीकत ते सगळ्यांना सांगत, शक्यतो जेवताना. "काचेच्या पेटीत उंदीर ठेवला होता. राजासारखा. दाणे, पाणी आणि निव्वळ ऑक्सिजन. पहिल्या दिवशी मजेत. तिसऱ्या दिवशी मेला. साहेबांनी कापून दाखवला. फुफ्फुस कसं हवं? स्पंजासारखं. हे कलेजीसारखं घट्ट, ओलं. कलेजी आमच्या घरात खात नाहीत, पण बाजारात पाहिलेली आहे." मग पुढचा घास घेत.

मी कॉलेजात होते तेव्हा माझ्या वडिलांना न्यूमोनिया झाला. ते गिरणीत हेडक्लार्क. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क आला, दामूअण्णांनी तोटीवर रेघ मारली आणि पहिल्याच दिवशी वडिलांच्या ओठांवर रंग परतला. संध्याकाळी सांवेरहून आत्या आली. तिनं बाटलीकडे पाहिलं. "बस, इतकीच हवा? सरकारी आहे तरी एवढी कंजूसी?" दामूअण्णा ड्यूटी संपवून गेले होते, चाळीस खाटांना एक नर्स होती. आत्यानं तोटी जराशी ढिली केली. बुडबुडे वाढले. सगळ्यांना बरं वाटलं. वडिलांना विचारायचं राहिलं.

मग रीतच पडली. गिरणीतले लोक आले, त्यांनी जरा वाढवली. समोरचे जोशी आले, ते रिकाम्या हातानं आले होते म्हणून त्यांनी जरा जास्त वाढवली. आईनं डोळे पुसत वाढवली. मी सर्वांत जास्त वेळा. आणि दामूअण्णा यायच्या सुमाराला तोटी परत निळ्या रेघेवर आणून ठेवायचं काम माझं होतं. कॉलेजात शिकत असल्यामुळे ते मला नीट जमत असे.

तिसऱ्या दिवशी वडिलांना कोरडा खोकला लागला. छातीच्या मधोमध जळतंय म्हणाले. श्वास आखूड झाला. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया वाढलेला दिसतो, ऑक्सिजन वाढवू या. दामूअण्णा उठले, पण तोटीला हात न लावता सिलिंडरवरचा काटा बघत राहिले. "हा उद्यापर्यंत पुरायला हवा होता. आत्ताच संपत आलाय." मग आमच्याकडे वळून पंगतीतल्या आवाजात विचारलं, "किती जणांनी वाढलं?"

आत्या पिशवीत काहीतरी शोधू लागली. "सगळ्यांनी," मी म्हणाले. "आणि तुम्ही यायच्या आधी मी कमी करत होते."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते मला शिकवत असल्यासारखे बोलले. "बेटा, हवा रक्तात जाते ती एका बारीक पडद्यातून. जळती चूल त्याच्यापुढे तीन दिवस धरल्यासारखं केलंत तुम्ही. पडदा सुजतो, पाणी झिरपतं. मग माणूस ऑक्सिजन घेता घेता गुदमरतो. उंदराला निदान नातेवाईक नव्हते."

डॉक्टरांनी ऐकलं आणि वाढवण्याऐवजी बेताबेतानं कमी केलं. पुढचे दोन दिवस दामूअण्णांनी मला आपल्या स्टुलावर बसवलं. कोणी तोटीकडे हात नेला की मी म्हणे, "पुरे." आठवड्यानं वडील उठून बसले आणि त्यांनी पोहे मागितले. मी आपल्याच हातानं वडिलांना घालवत होते, हे त्यांना कुणीच सांगितलं नाही. मला ते अजून विसरता आलेलं नाही.

मध्य भारत मोडायच्या बेतात होता त्या वर्षी दामूअण्णा त्याच वॉर्डात आले, खाटेवर. हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी माईंना, त्यांच्या बायकोला, बाजूला नेऊन आता उपाय नाही म्हणून सांगितलं. त्यांच्याच सांगण्यावरून स्टुलावर मी बसले होते. दुपारी त्यांचा श्वास लागला. माईंनी माझा खांदा धरला. "जरा वाढव ना गं. तुझ्याच तर हातात आहे." कोरड्या डोळ्यांनी म्हणाल्या. माझा हात तोटीवर गेला. एवढं सगळं ठाऊक असून गेला.

दामूअण्णांना बोलता येत नव्हतं. त्यांनी डावा हात चादरीतून काढला आणि पाचही बोटं पसरून छातीवर ठेवली.

मी तोटी सोडली. संध्याकाळच्या आत ते गेले.

तेराव्याला माईंनी त्यांच्या नावाचं पान वाढलं. त्यावर एक जिलबी ठेवली. आत्या जिलब्यांची परात घेऊन मागे उभी होती, तिनं परातीकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं आणि पुढच्या पानाकडे गेली.