भाऊ असून चंद्राला

जिला भाऊ नाही तिने भाऊबीजेच्या संध्याकाळी चंद्राला ओवाळावं, अशी आपल्याकडे रीत आहे. मला भाऊ आहे. पाठचा, चांगला धडधाकट, नाशकातच गंगापूर रोडला राहणारा. तरी तीन वर्षं मी चंद्राला ओवाळत होते, आणि तेही चोरून नाही. सोसायटीच्या गच्चीवर, सगळ्यांच्या देखत. शेजारणी विचारायच्या, "अहो, तुमचे भाऊ तर इथेच असतात ना?" मी म्हणायचे, "असतात. पण चंद्र बरा."

त्या दिवशी घरात बसलं की सकाळपासून फोन येतात. मामा आला का, काय घातलं ओवाळणीत, जेवायला काय केलं. कुणाकुणाला उत्तरं देत बसू? म्हणून भाऊबीजेला मी एकटीच अंजनेरीचा डोंगर चढते. पाऊस संपलेला असतो, हवेत गारवा आलेला असतो, वर तळं आहे, पठार आहे, आणि तिथे कुणी काही विचारत नाही. संध्याकाळी घरी परतायचं, आंघोळ करायची आणि ताट घेऊन गच्चीवर जायचं.

गेल्या वर्षी त्र्यंबकच्या बसमधून अंजनेरीच्या फाट्यावर उतरले, तर समोर हा, माझा भाऊ, उभा. डोक्याला टोपी, हातात नवी काठी, पायात त्याहून नवे बूट. माझ्या लेकीने फितुरी केली होती, दुसरं कोण करणार? तळपायाची आग मस्तकाला गेली.

"इथे काय करतोयस?"

"तुझ्याबरोबर चालायला आलोय."

"डोंगर सरकारचा आहे, चाल की," मी म्हणाले आणि चालू लागले.

राग कशाचा होता ते सांगते, म्हणजे मी उगाच आकांडतांडव करणारी बाई नाही हे कळेल. त्याच्या मुलाचं लग्न होतं. एकुलता एक भाचा, माझ्या मांडीवर खेळलेला. मांडवात जायच्या आधी नवरदेवाला आत्याने ओवाळायचं, म्हणून मी ताट घेऊन उभी होते. माझा नवरा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "ओवाळायला सवाष्ण बघा हो कुणीतरी." कोण म्हणालं ते मी वळून पाहिलंही नाही. मी भावाकडे पाहिलं. सगळ्यांनीच त्याच्याकडे पाहिलं. आणि त्याने पुढे येऊन माझ्या हातातलं ताट घेतलं. काय गोड आवाजात म्हणाला, "ताई, तू राहू दे."

राहू दे! म्हणजे जशी काही मी भांडी घासत होते आणि त्याला माझी दया आली. ताट गेलं त्याच्या मेहुणीच्या हातात. मावशीने ओवाळलं आणि आत्या खांबाला टेकून बघत राहिली. त्यानंतरच्या भाऊबीजेला याचा फोन, कधी येऊ म्हणून. मी विचारलं, "तुझ्या पोराला ओवाळायला माझा हात चालत नाही, मग तुला कसा चालतो रे?" मी फोन ठेवला, आणि चंद्राला लागले ओवाळायला.

तर आता हा माझ्यामागे धापा टाकत येत होता. गावामागची भातं कापून झाली होती, उतारावर खुरासणी पिवळीधमक फुलली होती. पायऱ्या सुरू व्हायच्या आधी त्याने मला गाठलं.

"ताई, नातू झालाय मला."

"कळलं. पेढे शेजारणीकडून खाल्ले."

"बारसं आहे पुढच्या रविवारी. पोराला सख्खी आत्या नाही. कानात कुर्र करून नाव तू सांगायचंस. ते विचारायला आलोय."

मी थांबले. आमच्या घरात बाळाचं नाव आत्याच ठेवते, ती नसली तर बापाची आत्या. भाच्याच्या कानात मीच कुर्र केलं होतं. पण लगेच तो मांडव आठवला, तो खांब आठवला.

"आणि पाळण्याशी कुणी म्हणालं, सवाष्ण बघा, तर तू काय म्हणशील?"

तो काठीच्या टोकाने माती उकरायला लागला.

"विचारलं मी काहीतरी."

"कोण म्हणेल आता असं? जग बदललंय."

"जग बदललं असेल. तू काय म्हणशील?"

तो बुटाची नाडी बांधायला वाकला. याचं लहानपणापासून असंच. आमचे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते, आम्ही तिथल्या कॉलनीत वाढलो. पोरांनी याची बॅट घेतली, हा घरी येऊन रडायचा, बॅट आणायला मी जायचे. मास्तरांनी उगाच उभं केलं, भांडायला मी. पुढे मी कळवणच्या शाळेत जन्मभर पोरांवर ओरडून घसा बसवून घेतला, पण ओरडायची सवय याच्यापायी लागलेली. याच्यासाठी मी सगळ्या कॉलनीशी भांडले आणि माझ्यासाठी याला एक वाक्य बोलता आलं नाही.

"उत्तर सापडलं की सांग," मी म्हणाले. "तोवर बारशाचं नाव काढायचं नाही."

पायऱ्या चढून पहिल्या पठारावर आलो. गवत वाळून पिवळं पडलेलं, आणि कुसळं! सलवारीला, मोज्यांना, ओढणीला, जिथे मिळेल तिथे घुसलेली. चालताना टोचतात, उपटायला जावं तर मोडतात आणि अर्धी आत राहतात. हा दर दहा पावलांनी खाली बसून एकेक कुसळ काढत होता.

"शेवटी काढ रे सगळी, घरी जाऊन."

"टोचतात गं."

"टोचू देत. काहींना वर्षानुवर्षं टोचतात, ती बसतात का अशी?"

हे त्याला लागलं. लागावं म्हणूनच म्हटलं होतं.

पठारावर अंजनीमातेचं देऊळ आहे. सणाची गर्दी होती, त्यात पेठकडच्या पाचसहा बाया नवस फेडायला आल्या होत्या. देवीची ओटी भरून झाली होती आणि त्यांतली एक, माझ्याच वयाची, पायऱ्यांवर बसलेल्या सगळ्या बायकांना हळदीकुंकू लावत चालली होती. मी पाणी पीत बसले होते. ती माझ्यापर्यंत आली, कुंकवाचं बोट वर उचललं, आणि तिने माझं मोकळं कपाळ पाहिलं, मोकळा गळा पाहिला. बोट हवेत थांबलं. तिचंही काही चुकलं नाही, बिचारी गडबडली.

आणि माझ्या शेजारून तोच गोड आवाज आला. "राहू दे, राहू दे त्यांना."

देवाशपथ सांगते, ती काठी हिसकावून याच्या पाठीत घालावी असं वाटलं.

"लावा," मी त्या बाईला म्हणाले.

"पन दादा नको म्हनत्यात ना?"

"दादाला त्याचं कपाळ आहे. हे माझं आहे. लावा तुम्ही."

ती हसली. लावलं तिने, चांगलं ठसठशीत, आणि वर कुंकवाची एक पुडी हातात दिली. "लय गरदी हाय, तुमाला देवीपातुर जायला नाय जमायचं, घ्या हे," म्हणाली.

तिथून मी जी उठले ती थेट तळ्यापर्यंत. मागे वळून पाहिलं नाही. तळ्याचं पाणी खाली गेलं होतं, काठावर चिखल वाळून भेगा पडल्या होत्या. हा आला आणि माझ्यापासून चार हात लांब बसला.

"तुला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून म्हटलं मी," तो म्हणाला. "तेव्हाही तेच. सगळ्यांसमोर तुझा अपमान नको व्हायला..."

"म्हणून तूच केलास. लोकांना तसदी नको."

"ताई, मला वाटलं मी तुला वाचवतोय."

मी त्याच्याकडे पाहिलं. गाढव खरं बोलत होता. तीन वर्षं मी समजत होते की हा लोकांना घाबरला. घाबरला तर होताच, पण वर आणखी याला वाटत होतं की आपण बहिणीवर पांघरूण घातलं! पदर ओढून माझं तोंड झाकलं आणि म्हणे, तुला ऊन लागत होतं.

"मला वाचवायचं होतं ना, तर त्यांना गप्प करायचं होतंस. तू मला गप्प केलंस. दोन्हींत फरक आहे की नाही?"

आपलेच दात, आपलेच ओठ. मी डबा उघडला. भाकरी, ठेचा, कांदा. त्याने त्याचा डबा पुढे सरकवला. भावजयीने करंज्या दिल्या होत्या. मी नको म्हणणार होते, पण चालून भूक लागली होती. एक खाल्ली. चांगली झाली होती, हे मी सांगितलं नाही.

वरच्या कड्यापर्यंत मला दरवर्षी जायचंच असतं, म्हणून गेलो. तिथून सगळे डोंगर एकामागे एक उभे दिसतात, समोर ब्रह्मगिरी, खाली धरणांचं पाणी चकाकत असतं. वारा असा की धड उभं राहवत नाही. पूर्वेकडे धुरकट होतं. त्याने काठी रोखली.

"त्या बघ, एकलहऱ्याच्या चिमण्या."

"डोंबलाच्या चिमण्या. इतक्या लांबून दिसतात होय?"

"दिसतायत मला."

"जे दिसायला हवं ते दिसत नाही, आणि चिमण्या दिसतायत!"

एरवी तो हसला असता. हसला नाही. काठी खाली घेतली आणि म्हणाला, "बॅट आणायला तू जायचीस." बस, एवढंच. इतक्या वर्षांनी बॅट आठवली. वरातीमागून घोडं.

उतरताना त्याचे गुडघे बोलायला लागले. नव्या बुटांनी टाचा सोललेल्या. एका पायरीवर दोन्ही पाय ठेवायचा, मग पुढची. मी चिडचिड करत होते, कारण चंद्र. भाऊबीजेचा चंद्र म्हणजे नखाएवढी कोर, सूर्यापाठोपाठ मावळते. घरी पोचेपर्यंत कुठली राहायला? "तुझ्यापायी माझा चंद्र जाणार," मी म्हणाले. जन्माचा भाऊ शेजारी लंगडत होता आणि मी त्याला हे ऐकवत होते. ऐकवत होते ते बरंच करत होते.

गावात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. चहाच्या टपरीपुढे दिवाळीच्या पणत्या ओळीने लावल्या होत्या, पाचसात माणसं चहा पीत बसली होती. पश्चिमेला डोंगराच्या कडेवर कोर अगदी टेकायला आली होती.

"तू चंद्राला ओवाळून घे," हा म्हणाला. "मी थांबतो." आणि खिशातून फोन काढून बाजूला गेला.

बाजूला म्हणजे किती? मला सगळं ऐकू येत होतं. घरी त्याच्या बायकोचे भाऊ आले होते, मागचा गलका फोनमधून टपरीपर्यंत येत होता.

"हॅलो. ऐक. बारशाला नाव ताई ठेवणार... हो, विचारलं. अजून हो म्हणाली नाही... नाही, तसं नाही. आधी तू ऐक. कुणी सवाष्ण-बिवाष्ण काढलं ना तर... कोण म्हणतंय? दे त्यांना फोन. नाही तर स्पीकरवर टाक."

गलका थांबला. याचा आवाज चढला. आमच्या सबंध आयुष्यात याचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, तो फाटला मधेच.

"माझ्या नातवाच्या कानात माझी ताईच नाव सांगणार. ज्यांना चालणार नाही त्यांनी येऊ नये. लग्नात मी तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं मला तसं करायला, मीच घेतलं. ते चुकलं माझं. आता परत नाही."

चहा पिणारी माणसं कप हातात धरून बघत होती. त्याने फोन खिशात टाकला.

मी पश्चिमेकडे पाहिलं. कोर डोंगराआड गेली होती.

"बोंबला," मी म्हणाले. "गेला चंद्र."

टपरीवाल्याकडून भज्यांची एक रिकामी ताटली मागून घेतली. ओळीतली एक पणती उचलून तीत ठेवली. देवळातली कुंकवाची पुडी होती. अक्षता नव्हत्या, सुपारी नव्हती. त्याच्या डब्यात एक करंजी उरली होती, तीही ठेवली.

"बस त्या बाकावर. डोक्यावर काही घे."

तो बसला. टोपी काढून त्याने रुमाल डोक्यावर घेतला. का ते त्यालाच माहीत, पूर्वी घरी तसा घ्यायचा म्हणून असेल. मी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. ओवाळताना वाऱ्याने पणती फडफडली तशी त्याने दोन्ही हातांनी आडोसा केला, म्हणून मला त्याचे हात टाळून ओवाळावं लागलं. माझे डोळे भरले होते आणि त्याचाही मला राग येत होता. करंजी त्याच्या तोंडात जरा जोरातच कोंबली.

त्याने खिसे चाचपले. शर्टाचा, पॅन्टचा, पाठीवरच्या पिशवीचा. नोट नाही एक. हल्ली सगळं फोनवर.

"ताई, ओवाळणी... पाठवू का तुला फोनवर?"

अशा वेळी बहिणीने म्हणायचं असतं, "राहू दे रे." शब्द अगदी ओठावर आला होता. तो मी गिळला.

"बारशाला घेईन," मी म्हणाले. "पाळण्यापाशी. सगळ्यांच्या देखत."

"बरं," तो म्हणाला, आणि रुमाल तसाच डोक्यावर ठेवून लंगडत फाट्यावर लावलेल्या त्याच्या गाडीकडे निघाला. मीही त्याला रुमालाचं सांगितलं नाही.