सुमनमावशींची सुकट

गौरीजेवणाच्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी आमच्या शेजारच्या सुमनमावशींना खोलीबाहेर बसवलं आणि त्यांचा कॅन्सर आता बरा होणार नाही, हे फक्त त्यांच्या मुलाला, प्रकाशदादाला, सांगितलं. आजार मावशींचा, आणि त्यांनाच पत्ता नाही! या प्रकाराला आपल्याकडे माया म्हणतात. मी अन्याय म्हणते.

मग प्रकाशदादानं फाइलीवरचं कॅन्सर हॉस्पिटलचं नाव पट्टी चिकटवून झाकलं. पट्टी सुटली की मावशीच ती गुपचूप दाबून बसवायच्या. लेकाला वाईट वाटू नये म्हणून.

गेल्या आठवड्यात बरे न होणाऱ्या रुग्णांचं दुखणं हलकं करणाऱ्या केंद्रात त्यांना नेलं. तिथल्या सिस्टरनं मुलाला सोडून थेट मावशींनाच विचारलं, "काय हवंय तुम्हाला?"

"सुकट. कांदा घालून, झणझणीत."

"अगं आई, पथ्य आहे ना तुला!"

"आता कसलं पथ्य रे? मला सगळं ठाऊक आहे. सुया पुरे झाल्या, मी इथंच राहणार. तुला रडायचं तर रड, पण आधी सुकट आण."

प्रकाशदादा रडता रडता हसायला लागला.

काल मी गेले तेव्हा मावशी व्हरांड्यात उन्हाला बसून बोटं चाटत होत्या आणि सुनेला सांगत होत्या, "कोकम कमी पडलं गं." इतक्या महिन्यांत त्यांचा असा मोकळा, तक्रारखोर आवाज मी ऐकला नव्हता. हार मानलेलं माणूस कोकमावरून भांडत नाही.

तुमच्या घरात कुणापासून त्यांचाच आजार लपवला असेल, तर आज त्यांच्याजवळ बसा आणि खरं सांगा.