विलासच्या नावाचा बर्थ

रविवारची दुपार. खानावळीच्या डब्यातली एक भाकरी तशीच ठेवून मी चटईवर आडवा झालोय. फोन छातीवर आहे. डोळे मिटतात, फोन घसरतो, मी दचकून सावरतो, परत मिटतात. झोपायचं नाही असं स्वतःला बजावतोय. संध्याकाळी मिरजेची पॅसेंजर, तिथून पुढं मडगावची गाडी, आणि चार्ट लागायच्या आत एक काम उरकायचंय. तेच काम काही माझ्याच्यानं होत नाही.

काम एवढंसं. तिकिटावर दोन नावं आहेत. पहिलं विलास अतिग्रे, बर्थ पक्का. दुसरं शशिकांत मेढे, म्हणजे मी. मला आरएसीचा पहिला नंबर, म्हणजे बसायला अर्धी सीट. विलासचं नाव रद्द केलं की मला अख्खा बर्थ मिळतो. आणि विलासला जाऊन पाच महिने झालेत.

तुम्ही म्हणाल, मेलेल्या माणसाचं तिकीट काढलंच कशाला? अहो, काढलं नाही, निघालं. चाळीस वर्षं आम्ही दोघं आमच्या गल्लीतल्या चांदणी तालमीच्या फुटबॉल टीममागं हिंडलो. बेळगाव, गडहिंग्लज, मडगाव, जिथं टीम तिथं आम्ही. मी फौंड्रीत, तो सुतारकामात, खिसा दोघांचाही यथातथाच. पण स्वस्तात कसं जायचं ते विलासला विचारावं. स्पर्धेचं वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी बुकिंग. टीम पहिली मॅच जिंकते की नाही याचा पत्ता नाही, आणि हा गडी मला माझ्या फोनवरनं सेमीफायनलची तिकिटं काढायला लावून मोकळा! आणि एक नियम घालून दिलेला: काढलेलं तिकीट रद्द करायचं नाही. रद्द केलं की मॅच गेली. एकदाच केलं होतं, त्याच्या मेव्हण्याच्या लग्नापायी. आमच्या टीमनं त्या दिवशी पाच गोल खाल्ले.

मडगावचं वेळापत्रक दोन महिन्यांपूर्वी लागलं. फोनमधल्या यादीत आमची नावं साठवलेली आहेत, अंगठा सवयीनं दोन्हींवर टेकला. पैसे गेल्यावर बघितलं. पहिलं नाव विलासचं. तो गेल्यापासून मी एकाही मॅचला गेलेलो नाही, गावातल्यासुद्धा. आजही गेलो नाही तर परत कधीच जायचा नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

फोन परत घसरतो. या वेळी मी सावरत नाही.

तिकीट खिडकीसमोर रांग लागलीय, पण माणसं नाहीत. नुसत्या चपला. तत्काळच्या रांगेत नंबर धरायला आम्ही लावायचो तशाच, एकामागं एक, पार स्टेशनच्या बाहेरपर्यंत. सगळ्यात पुढं विलासची, अंगठा तुटून तारेनं बांधलेली. तिच्यामागं माझी. विलास खिडकीला रेलून शेंगा खातोय. चेहरा भरलेला, आजारपणाच्या आधीचा.

"आलास व्हय?" तो म्हणतो. "मला वाटलं, ह्यो काय येत न्हाई."

"तू हितं कसा?"

"कसा म्हंजे? नंबर हाय माझा. तूच नाव घातलंस न्हवं?"

मला लाज वाटते. "चुकून पडलं रे."

"चुकून पडलं तर काढायचं की. दोन म्हैनं झालं, अंडी उबवतोयस काय?"

त्याच्या हातातली शेंग फुटते, तर आत दाणे नाहीत. तो टरफल खिशात ठेवतो. मी खिडकीतून आत वाकतो, क्लार्क आहे का बघायला. आत क्लार्क नाही, मैदान आहे. हिरवंगार, रेघा नुकत्याच मारलेल्या.

आम्ही गॅलरीत बसलोय. पायऱ्यांच्या जागी बर्थ आहेत, खालचा, मधला, वरचा, त्यावर आणखी एक, आणखी एक, आभाळापर्यंत. सगळे रिकामे. खाली मॅच चालू आहे. पोरं जीव तोडून पळतायत, पण आवाज येतोय चाकांचा, सांध्यांवरनं जाणाऱ्या डब्याचा. मैदानाच्या पलीकडनं झाडं मागं पळतायत.

"कुठवर आलो आपण?" मी विचारतो.

"लोंढा गेलं. आता बोगदं लागतील."

तो शेजारी आहे म्हणून मला एवढं बरं वाटतंय की काय सांगू. मांडीला मांडी लागलीय. पाच महिन्यांत माझ्या इतक्या जवळ कुणी बसलेलं नाही. पोरगा पुण्यात, बायको जाऊन आठ वर्षं झाली, आणि खानावळवाला डबा उंबऱ्यावर ठेवून जातो.

टीसी येतो. काळा कोट, गळ्यात रेफरीची शिट्टी. कागद बघतो.

"दोन पॅसेंजर. दुसरे कुठायत?"

"हे काय, बसलेत की!"

"कुठं?"

"अहो, हे काय!" मी विलासच्या खांद्यावर हात ठेवतो. टीसी माझ्या हाताकडं बघतो, मग माझ्याकडं. त्याला माझी दया आलीय, ते मला दिसतं, आणि त्याचाच मला राग येतो. विलास मान खाली घालून खिशातली टरफलं चाळवत राहतो. टीसी कागद आणि पेन माझ्या मांडीवर ठेवतो.

"तुम्हीच काटा," म्हणतो, आणि बर्थांच्या शिडीवरनं वर वर निघून जातो.

"काट की," विलास म्हणतो.

"मी न्हाई काटणार."

"का?"

"नियम कुणाचा? तिकीट रद्द केलं की मॅच गेली. तूच बोंबलत होतास जल्मभर."

"अरे खुळ्या, माझी मॅच गेलीच की! जादा वेळसुदिक संपला. शिट्टी झाली, माणसं घरला गेली. तुझी अजून चालू हाय, तू कशाला बाकावर बसून ऱ्हातोस?"

"एकट्यानं जाऊन काय करू?" मी कागद बाजूला सारतो. "कुणासंगं जाऊ? मिरजेला गाडी लेट झाली तर शिव्या कुणाला घालू? तुला काय, तू गेलास सुटून. मला हितं टांगून ठेवलंस. लई वाईट केलंस, इलासा."

एक बोगदा येतो. मैदान, बर्थ, सगळं काळं होतं, आणि त्या काळोखात मला फक्त त्याच्या मांडीची ऊब कळते. बोगदा संपतो.

खाली आमचा सात नंबर दोघांना चकवून आत शिरलाय. मी उठतो. विलासही उठतो. बॉल उडतो, गोलकीपरच्या बोटांना लागून जाळ्यात. गोल! आता आमची रीत अशी, की गोल झाला की मी विलासच्या पाठीत गुद्दा घालायचा, आणि त्यानं "मेलो, मेलो!" म्हणून बोंब ठोकायची. चाळीस वर्षं, एक गोल चुकला नाही. एकदा तर त्याच्या बायकोनं पाठीवरचं काळंनिळं बघून मला घरी येऊन झापलं होतं.

विलास माझ्याकडं पाठ करून उभा राहतो, जरासा वाकून.

"घाल," म्हणतो.

मी सगळ्या ताकदीनं गुद्दा घालतो.

तो "मेलो" म्हणत नाही.

मी थांबतो. वाट बघतो. पाठ तशीच समोर आहे, रुंद, शांत, पांढरी. चाकांचा आवाजही थांबलाय.

"बोल की रे," मी म्हणतो. "बोल की."

मी जागा झालोय. माझी मूठ भिंतीला टेकलेली आहे. उन्हं अजून खिडकीत आहेत, म्हणजे फार वेळ झालेला नाही. हात ठणकतोय. उजेडात धरून बघतो, तर चार बोटांच्या पेरांवरची सालटी निघालीत, रक्त आलंय, आणि त्यात भिंतीचा पांढरा चुना बसलाय. मी पेरांवर फुंकर मारतो, आणि मग चांगला मोठ्यांदा रडतो. ऐकायला कोण आहे घरात?

फोन उशाशी पडलाय. मी तिकीट उघडतो आणि पहिल्या नावापुढच्या चौकोनावर बोट ठेवतो. रद्द करायचं? हो. फोनला भरवसा नाही, तो परत विचारतो, नक्की रद्द करायचं? हो बाबा, हो. विलास अतिग्रे, रद्द. पडद्यावर त्याचं नाव फिकं होतं, पण वाचता येतं. थोड्या वेळानं माझ्या नावापुढं बर्थ येतो. मॅच जायची असेल तर जाईल. मी असेन तिथं.

मोरीत जाऊन हातावर पाणी घेतो. कसलं चरचरतंय! सगळा चुना काही निघत नाही. हा हात घेऊन आता मडगावला जायचं, आणि आमच्या पोरांनी गोल केला, तर तो उठल्याशिवाय काही राहायचा नाही. शेजारी कोण बसणार आहे देव जाणे. त्यानं आपली पाठ सांभाळावी.