विचारायचं राहिलं नव्हतं

गयाबाई सिस्टरचा आवाज मोठा होता. आखाडा बाळापूरच्या आमच्या धर्मादाय दवाखान्यात त्या नोंदणीच्या टेबलावर बसत, आणि पेशंटला काय होतंय ते डॉक्टरांच्या आधी दारात चपला काढणाऱ्यांना कळे. "जुलाब किती डाव? पातळ का पाण्यावानी?" माणूस मान खाली घालून कुजबुजायचा आणि बाई त्याचं उत्तर मोठ्यानं म्हणून पक्कं करून घ्यायच्या. शेवटी मात्र टेबलावर दोन्ही कोपरं टेकून, हळू आवाजात विचारायच्या, "अजून काई सांगायचं राह्यलं का?" मग थांबायच्या. मागं रांग कुरकुरली तरी थांबायच्या. पुष्कळांचं खरं दुखणं तेव्हाच बाहेर पडे.

मी तिथला व्यवस्थापक. तक्रारी माझ्याकडे येत. म्हणून ऑनलाइन फॉर्म आला तेव्हा मला बरं वाटलं. ज्याला वाचता येईल त्यानं टॅबवर स्वतः भरावा, बाकीच्यांना बाईंनी वाचून दाखवावा. पण पहिल्या आठवड्यात सगळ्यांना सगळेच प्रश्न दिसत. गोरेगावहून आलेल्या एका म्हाताऱ्याला बाईंनी सरळ चेहऱ्यानं विचारलं, "आजोबा, दिवस गेलेत का?"

"व्हय बाई," म्हातारा म्हणाला, "डाक्टर हो म्हनला तर बाळंतपनाला माहेरीच जातो."

"मग माहेरचा नंबर सांगा, पुढचा रकाना त्योच हाय."

दवाखाना हसला. मला हसू आलं नाही. मी हिंगोलीच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावून अटी घालायला बसलो. आधीच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न दिसावा की लपावा, हे ठरवता येतं. पुरुष असेल तर गरोदरपणाचा प्रश्न लपवला. मग माझं डोकं आणखी चाललं. 'विवाहित' लिहिलं तरच तो प्रश्न दिसावा. अविवाहित किंवा विधवा असेल तर दिसूच नये. कुणाच्या लेकीला, सुनेला असलं विचारलं म्हणून उद्या गाव दारात यायला नको.

बाई पाठीमागं उभ्या होत्या. "काहून लपवून राहिले, सायब? दिवस काय कुंकू बघून जातात का?"

"गयाबाई, लोकांची अब्रू असते."

"अब्रूचं औषध हाय का आपल्याकडं? मी इचारीन तोंडानं."

"तुमच्या तोंडाचीच तक्रार आहे. स्क्रीनवर दिसेल तेवढंच विचारायचं. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

त्या दिवसापासून त्यांनी तेवढंच विचारलं. 'अजून काई राह्यलं का' हा शेवटचा प्रश्नही बंद झाला.

पुढं एक तरुण विधवा पोट धरून आली. भाऊ सोबत होता. फॉर्ममध्ये तो प्रश्न तिला दिसला नाही आणि डॉक्टरांपुढं रकाना कोरा गेला. कोरा म्हणजे विचारून झालंय, तसं काही नाही, असं त्यांना वाटलं. पित्ताचं औषध देऊन तिला घरी पाठवलं. गर्भ नळीत राहिला होता, नळी फुटली. नांदेडला नेलं म्हणून जीव वाचला. पण त्या घरात तिला पुन्हा जागा मिळाली नाही, असं नंतर कानावर आलं.

विश्वस्तांची बैठक ठरली. बैठकीच्या दिवशी सकाळी मी ती अट काढून टाकली. एवढंसं काम होतं, चहा निवायच्या आत झालं.

"त्यो प्रश्न आलाच न्हाई स्क्रीनवर," बाईंनी बैठकीत सांगितलं. अध्यक्षांनी टॅब मागवला, 'विधवा' वर बोट ठेवलं. खाली प्रश्न उघडला. बाईंनी टॅबकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आज आलाय, व्हय," त्या म्हणाल्या. "तवा न्हवता. सायब, सांगा की."

मी म्हणालो, "एखाद्या वेळी विचारायचं राहून जातं."

बाईंनी नोंदणीच्या टेबलाच्या खणातून आपला चष्मा आणि पाण्याची बाटली घेतली आणि गेल्या. विचारायचं विसरलेली सिस्टर म्हणून त्यांना पुढं कुठल्या दवाखान्यानं ठेवलं नाही. ज्या बाईवर जास्त विचारते म्हणून तक्रारी होत्या, तिच्यावर न विचारल्याचा ठपका बसला, आणि ते कुणाला खटकलंसुद्धा नाही.

निवृत्तीनंतर एकदा औंढ्याला दर्शनाला गेलो होतो. देवळाबाहेर बेल-फुलांच्या दुकानात बाई बसलेल्या. मला चुकवायचं होतं. त्यांनी लांबूनच हाक मारली.

"सायब! वाळले की. लघवी बराबर होती का? रातच्याला किती डाव उठता?"

रांगेतले लोक वळून बघायला लागले. मी सगळी उत्तरं दिली. साखर आहे म्हणालो, गुडघे गेलेत म्हणालो, झोप लागत नाही म्हणालो. बाईंनी फुलांच्या टोपलीवर कोपरं टेकली आणि आवाज खाली आणला.

"अजून काई सांगायचं राह्यलं का?"

त्या थांबल्या. माझ्यामागं गिऱ्हाइकं खोळंबली होती, एक बाई फुलांचे पैसे पुढं करत होती, तरी त्या थांबल्या.

मी म्हणालो, "नाही."

त्यांनी मान हलवली, माझ्या हातात बेलाची जुडी ठेवली आणि त्या बाईकडं वळल्या. या पावसाळ्याआधी गयाबाई वारल्या. मला उशिरा कळलं.

राहिलं होतं, गयाबाई. प्रश्न मी लपवला होता.