लाखेची मूठ

दयाराम कापगत्यांच्या क्वार्टरातून करपल्याचा वास आला की मागची गल्ली समजून जायची, भाऊंचा स्वयंपाक झाला. भाऊ म्हणजे भिलाईच्या रेल मिलमधले पक्के फिटर. लोखंड तापून कोणत्या रंगावर आलं म्हणजे हात घालायचा, हे त्यांना झोपेतही कळे. कढईतला कांदा मात्र कधी लाल झाला आणि कधी काळा, याचा पत्ता लागत नसे. बायको शेवंता काविळीनं गेली, लेक रमा गोंदियाला नांदायला गेली, आणि भाऊ घरात एकटे उरले. साकोलीकडच्या नातलगांनी दुसऱ्या लग्नाचं सुचवून पाहिलं. "आता कोन मले पोरगी देते, अन् मी कोनाले सुख देतो?" एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. मग रोज वरणभात, आणि बदल म्हणून भातवरण.

मागच्या अंगणाला छातीएवढी भिंत. पलीकडे देवानंद देशकर, हिशेब खात्यातले बाबू. नागपुरात त्यांच्या आईनं अंथरूण धरलेलं, म्हणून पत्नी विजया मुलांना घेऊन सासूच्या सेवेला तिकडेच राहिलेली. म्हणजे बाबूही एकटेच. पण त्यांना स्वयंपाकाचा नाद होता. ऑफिसात फायलीवर मान टाकणारे हे गृहस्थ घरी आले की कमरेला टॉवेल खोचत आणि पदर नसलेली सुगरण होत.

एका रविवारी भाऊंच्या कढईतून असा धूर निघाला की बाबू भिंतीवरून ओरडले, "भाऊ, आच कमी करा! पान्याचा हबका मारा! काय करून राहिले?"

"पाटवडीचा रस्सा करून राहिलो," भाऊ खोकत म्हणाले. "दरवेळी करपते कावून हे?"

"खोबरं अन् खसखस संगच टाकली असन तुमी. खसखस सगळ्यात शेवटी टाका. तिचा जीव तो केवढा!"

भाऊंनी कढई घासून पुन्हा मांडली. शेवंता गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदा काहीतरी चवीचं शिजलं. बोटं चाटताना त्यांचे डोळे भरून आले. तिखट फार झालं होतं, असं ते नंतर सांगत.

आता फुकटचं घ्यायची भाऊंना सवय नव्हती. बाबूंच्या भाजी चिरायच्या सुरीची मूठ डुगडुगत होती, तिला चिंधी गुंडाळलेली. "द्या इकडे," म्हणून त्यांनी ती ओढूनच घेतली. लाखेनं मुठी बसवणं ही त्यांच्या बापाची कला, विळे-खुरप्यांसाठी शिकवलेली. कॅम्प-१च्या बाजारात लाखेच्या बांगड्या करणाऱ्याकडून त्यांनी लाख आणली. विटेची भुकटी वस्त्रगाळ केली, कुटलेल्या लाखेत मिसळली आणि मुठीच्या भोकात ठासली. मग पातीचं शेपूट लालबुंद तापवून आत दाबलं. लाख चुर्र करून वितळली, आणि गार होताच पात अशी घट्ट बसली की बैल जुंपला तरी निघू नये.

"भुकटी कायले टाकली?" बाबूंनी विचारलं.

"नुसती लाख ठिसूळ राहते, उन्हानं नरम पडते. भुकटी तिले धरून ठेवते."

"वा! एक तुमची, एक माझी. फिटंफाट!"

तिथून तो रिवाजच पडला. बाबूंनी पुरणाचा कट कसा काढायचा ते सांगितलं की भाऊंनी फुटलेली बरणी कशी सांधायची ते दाखवायचं. मोडलेला कंगवा, छत्रीची मूठ, विजयाबाईंच्या कुंकवाच्या करंड्याचं झाकण, सगळं भिंतीवरून इकडे येई. लाख गार होईतो बाबू म्हणत, "तवर बसा ना भाऊ, दोन घास खाऊन जा." त्या दोन घासांवर भाऊंचा आठवडा निघायचा.

फक्त ती सुरी भाऊंचं नाक कापत होती. बसवून थोडे दिवस झाले की बाबू पुन्हा भिंतीशी हजर, एका हातात पात, दुसऱ्या हातात मूठ. उन्हाळ्यात ते म्हणायचे, "गर्मी किती आहे, भाऊ!" हिवाळ्यात म्हणायचे, "कामच लई पडते हो तिले." भाऊ ओशाळे होत. लाख बदलली, भुकटी आणखी बारीक केली, तरी तेच. आपला हात गेला की काय, या विचारानं त्यांना घास गोड लागेना. बापानं बसवलेल्या विळ्याची मूठ गावाकडे अजून शाबूत होती, आणि यांची एक भाजीची सुरी टिकत नव्हती.

मग बाबूंची आई वारली. दिवसपाणी आटोपून विजयाबाई मुलांसह भिलाईला आल्या. घराला घरपण आलं आणि बाबूंचा टॉवेल दांडीवर गेला. बायको घरात असताना नवऱ्यानं कढईशी उभं राहायचं म्हणजे सेक्टरभर हसं. आता भाऊ पुढच्या दारानं जात. वेताच्या खुर्चीवर बसत. बशीत दोन बिस्किटं आणि चहा येई. बाबू पेपर मांडीवर घेऊन विचारत, "ड्युटी कशी चालू आहे?"

"चालू आहे."

हिंग तेलात टाकावा की पाण्यात भिजवावा, यावर अख्खी दुपार भांडणाऱ्या या दोन माणसांना पुढच्या खोलीत एक शब्द सुचत नसे. चहा संपला की भाऊ उठत. हळूहळू जाणंही थांबलं. सुरी तर आलीच नाही. नवी घेतली असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. गरज सरो, वैद्य मरो. स्वतःच्या हातचा रस्सा आता फर्मास होत होता, पण तो कोणाला चाखवायचा?

एका सकाळी विजयाबाई भिंतीपलीकडे सांडगे घालत होत्या. भाऊंना राहवलं नाही. "वहिनी, ते सुरी फेकली का जी?"

"फेकू कशाला? किती छान बसवली तुम्ही! मी आल्यापासून हललीसुद्धा नाही." विजयाबाई हसल्या. "यांचीच खोड वाईट. आल्या आल्या मी पाहिलं, मुठीजवळची पात गॅसवर धरून बसले होते. म्हटलं, चांगली सुरी कशाला मोडता? तर म्हणे, सवय झाली. मीच बंद केलं ते."

भाऊ "हो जी, हो जी" म्हणत आत आले आणि पाटावर बसले. इतकी वर्षं ते स्वतःच्या हाताला बोल लावत होते. हाताचा काही दोष नव्हता. भिंतीपलीकडे त्यांच्याइतकाच एकटा माणूस होता, आणि त्याला बोलवायला दुसरं निमित्त सापडत नव्हतं. त्यांना हसू आलं. मग फार वाईट वाटलं, कारण आता निमित्तही उरलं नव्हतं.

रविवारी भाऊंनी गॅस मोठा केला आणि खोबरं-खसखस मुद्दाम एकदम कढईत टाकली. ढवळली नाही. धूर खिडकीतून निघून भिंतीपलीकडे गेला. भाऊ कान देऊन उभे राहिले. पलीकडे कोणीतरी खोकलं. मग विजयाबाईंनी स्वयंपाकघराची खिडकी धाडकन लावून घेतली.

भाऊंनी गॅस बंद केला. वास जाईना म्हणून कढई दारात नेऊन ठेवली आणि काही न खाता बसून राहिले. उन्हं कलल्यावर ती घासायला अंगणात आले, तर भिंतीवर सुरीची पात आणि मूठ शेजारीशेजारी ठेवलेली. आसपास कोणी नव्हतं. पातीला हात लावला, तर चटका बसला.

ते आत गेले. लाख कुटली. विटेच्या भुकटीचा डबा उघडला, चिमूट उचलली, आणि थोडा वेळ तशीच बोटांत धरून ठेवली. मग ती परत डब्यात टाकली. नुसत्या लाखेवर मूठ बसवली. एवढी वर्षं मिलमध्ये आणि घरात काम केलं, पण जाणूनबुजून कच्चं असं हे पहिलंच.

सुरी भिंतीवर ठेवून ते बंद खिडकीकडे पाहत मोठ्यानं म्हणाले, "बाबू, ठेवली सुरी! पन भरवसा नाही बरं. दिवाळीपर्यंत काही टिकत नाही."

खिडकी उघडली नाही. आतून फक्त बाबूंचा आवाज आला, "चालते, भाऊ."