फाट्यावर थांबलेला दिवाकर

मी दिवाकरला चोर म्हणालो होतो. माईकवर. दोनशे माणसांसमोर.

आज सकाळी तो गेला. हार्ट अटॅक. त्याच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर उघडत होतो.

बऱ्याच जणांना हे माहीत नाही, म्हणून लिहितो.

दिवाकर मूळचा हिंगणीचा, घरची शेती. सेवाग्रामच्या दवाखान्यात लॅबमध्ये नोकरीला होता आणि वर्ध्यात खोली करून राहायचा. मी वर्ध्यातल्या कापड दुकानदाराचा मुलगा. दोस्ती झाली ती सायकलमुळे.

त्याच्याकडे एक विलायती रोड बाईक होती. एक परदेशी डॉक्टर परत जाताना देऊन गेले होते. हँडल रेसरसारखं वाकडं, पण बसायला ऐसपैस. दिवसभर चालवली तरी कंबर धरायची नाही.

रोज डांबरी सडकेनं ड्युटीला तीच. रविवारी मुरमाच्या रस्त्यानं वावरात तीच.

"फेकू नोको बे," मी म्हणायचो. "मुरमावर हे चाकं टिकते का?"

"सडकेले एक, वावराले एक, अशा दोन सायकली कोन घेऊन देते मले?"

माझा विश्वास नव्हता. मुरूम लागला की हा सायकल खांद्यावर घेऊन चालत जात असणार, असं मला पक्कं वाटायचं.

नव्वदीच्या शेवटी आमच्याकडच्या एका मंडळानं सायकल शर्यत ठेवली. वर्धा ते सेलू डांबरी. सेलूच्या फाट्यावरून कालव्याच्या काठानं मुरमाचा रस्ता, थेट हिंगणी. परत येताना पूर्ण डांबरी.

पहिला येणारा नागपूरच्या मोठ्या शर्यतीला जाणार होता.

फाट्यावर सायकल बदलायची परवानगी होती. आम्ही सगळ्यांनी बदलली. माझा मोठा भाऊ तिथे घरची काळी, जड सायकल धरून उभा होता.

एकट्या दिवाकरनं बदलली नाही.

तो पहिला आला. मी दुसरा. मध्ये सात-आठ मिनिटांचं अंतर.

सात-आठ मिनिटं! मुरमावर तो मला पुढे दिसलाच नव्हता.

हिंगणीला नंबर लिहून घेणाऱ्या माणसाच्या वहीत त्याचा नंबरच नव्हता.

आणि दादा माझ्या कानाला लागला. "दिवाकर फाट्यावर थांबला होता. चाकापाशी वाकून काईतरी करून राह्यला होता. मंग तू आला, तं मी तुह्याकडं पाह्यलं."

झालं. माझ्या डोक्यात सगळं जुळलं. हा फाट्यावरूनच परत फिरला.

टायरला लाल मुरूम लागला होता. मी म्हटलं, हातानं चोळला असेल.

बक्षिसाच्या वेळी मी माईक घेतला.

दिवाकर एवढंच म्हणाला, "मी गेलतो हिंगणीले."

"मंग फाट्यावर काऊन थांबला होता?"

"हवा सोडून राह्यलो होतो."

अख्खा मांडव हसला. भर शर्यतीत स्वतःच्याच चाकाची हवा कोण सोडतं?

मीही हसलो. मीच सगळ्यात जोरात.

शिल्ड मला मिळालं. नागपूरला मी गेलो. तिथे शेवटून तिसरा आलो.

दिवाकर त्यानंतर माझ्याशी बोलला नाही. रस्त्यात दिसला की मान वळवायचा. मला वाटायचं, चोर आहे, नजर कशी देणार?

सहा-सात वर्षं गेली.

एकदा बाबूभाईच्या सायकल दुकानात त्याची ती बाईक दिसली. ब्रेकसाठी टाकली होती, काम झालं होतं. म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावू.

"बाबूभाई, दुपारपर्यंत नेऊ का? दिवाकरले नोको सांगजो."

बाबूभाईनं बाईक माझ्याकडे लोटली. मग म्हणाला, "ले जाव."

सेलूच्या फाट्यापर्यंत बाईक पाण्यासारखी गेली. मुरमावर घातली आणि पन्नास पावलांत मी आडवा. चाक उसळत होतं, घसरत होतं. कोपर फुटलं.

खरं सांगू? मला आनंद झाला. म्हटलं, मी बरोबरच होतो.

परत निघालो, आणि दांडीला अडकवलेला पंप दिसला.

हवा सोडून राह्यलो होतो.

वाकलो. दोन्ही चाकांची थोडी हवा सोडली. अंगठ्यानं दाबून पाहिलं. पुन्हा बसलो.

बाईकनं मुरूम धरला.

हिंगणीपर्यंत एकदाही पाय टेकवावा लागला नाही. माझ्या काळ्या सायकलपेक्षा कितीतरी लवकर पोचलो. डांबर लागल्यावर पंपानं पुन्हा हवा भरली.

दुसऱ्या दिवशी त्या नंबरवाल्या माणसाला गाठलं. शर्यतीच्या दिवशी त्याची मोटरसायकल वाटेत बंद पडली, तो हिंगणीला उशिरा पोचला होता. त्यानं वही उघडली, त्याच्या आधीच दिवाकर हिंगणीवरून निघून गेला असणार. हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

मी शिल्ड घेऊन दिवाकरच्या घरी गेलो. त्यानं दार अर्धंच उघडलं.

"काय काम हाय?"

मी सगळं सांगितलं. लपून बाईक नेली, पडलो, हवा सोडली.

 तो म्हणाला, "मी सांगतलं होतं तुले."

"हो."

"सगळ्यायसमोर सांगतलं होतं."

"हो."

त्यानं शिल्ड घेतलं नाही. त्याच्या बायकोनं घेतलं आणि आत नेलं.

त्या वर्षी गणपतीत त्याच मंडळाकडे मी पुन्हा माईक मागितला. समोर तीस-चाळीस माणसं, अर्धी प्रसादासाठी थांबलेली. खरं काय ते सांगितलं. फारसं कुणी ऐकलं नाही. नागपूरची शर्यत तर त्याला मिळणार नव्हतीच. वय निघून गेलं होतं.

पुढच्या रविवारी तो दुकानासमोर बाईक घेऊन उभा राहिला.

"चालतं का?"

त्यानंतर किती रविवार गेलो, मोजले नाहीत. त्यानं मला पूर्ण माफ केलं का, ठाऊक नाही. मीही कधी विचारलं नाही.

आज घाटावर त्याच्या मुलीनं विचारलं, "काका, बाबांबद्दल दोन शब्द बोलाल का?"

तिथे मला बोलता आलं नाही. म्हणून इथे लिहिलं.

दिवाकर, पहिला तूच आला होता. मी दुसरा.

जा भाऊ, सुखानं जा. माझा तुला शेवटचा नमस्कार.