गाडी बाटवणारे हात

नातवाच्या गाडीला टायर घ्यायला हुडको वसाहतीतल्या दुकानात गेले आणि नव्या रबराच्या वासाने भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता त्या दिवसांत पोचले.

आमचे हे ज्या ठेकेदाराकडे मजूर होते, त्याची लाल स्पोर्ट्स कार होती. तिचे रुंद, गुळगुळीत टायर कोरड्या सडकेवर भर वेगातल्या वळणालाही पकड सोडत नसत. यांनी एकदा कौतुकाने तिला हात लावला, तर तो खेकसला, "दूर हो! गाडी बाटवतं का?"

पावसाळ्यात आमच्या झोपड्यांपुढच्या चिखलात तेच टायर जागच्या जागी गरगरले. "धक्का मारा रे!" ठेकेदार ओरडला.

यांनी हात मागे बांधले. "साहेब, हात कसा लावू? गाडी बाटन ना!"

काम जाईल म्हणून तेव्हा मी यांना खुणेने विनवत होते. आज वाटतं, चिखल आणखी खोल हवा होता.